कापड फाटत नाही, शिवण उसवते: पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनची तयारी

ओल्या अंगावर कोरडा टी-शर्ट घालून बघितलाय कधी? नसेल तर उद्या आंघोळीनंतर टॉवेल न लावता घालून बघा. माझ्या पहिल्या ट्रायथलॉनमध्ये तो खांद्यावर गुंडाळी होऊन असा अडकला की दोन्ही हात वर, डोकं आत. बाहेरून एक स्वयंसेवक पोरगा विचारत होता, "ताई, बरं वाटते ना?" मी आतूनच "हो" म्हटलं. त्या एका टी-शर्टाने माझी दीड मिनिटं खाल्ली.

लाज वाटायचं कारण वेगळंच होतं. नागपुरात, खामल्यात माझं शिलाईचं दुकान आहे. एकोणीस वर्षं मी लोकांना सांगतेय की कापड सहसा फाटत नाही, शिवण उसवते. आणि स्वतःच्या शर्यतीत नेमकी शिवणच विसरले.

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, सगळं एकापाठोपाठ. घड्याळ मध्ये थांबत नाही, कपडे बदलतानाही नाही. ऑलिम्पिकमध्ये २००० साली सिडनीला जो प्रकार आला तो याच्या बरोबर दुप्पट. पहिल्या वर्षी मला २ तास ३ मिनिटं ३० सेकंद लागली, दुसऱ्या वर्षी १ तास ५० मिनिटं ३० सेकंद. वाचलेल्या तेरा मिनिटांचा हिशोब मी दुकानाच्या वहीत मांडला. पोहण्यात २, सायकलमध्ये साडेतीन, धावण्यात २. बाकीची साडेपाच मिनिटं दोन जोडांमध्ये सापडली, पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पायांवर येताना. त्यासाठी मला जास्तीचा दमसास लागला नव्हता. घरच्या अंगणात सराव केला, एवढंच. म्हणून हे लिहिताना मी जोडांवरच जास्त बोलणार आहे. धावायचं कसं हे सांगणारे अंबाझरी तलावाच्या बंधाऱ्यावर रोज सकाळी पन्नास भेटतील.

आधी दोन गोष्टी उरकून घ्या. चाळिशी ओलांडली असेल, किंवा बीपी, शुगर, दमा असं काही असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा आणि "मी शर्यतीत उतरणार आहे" असं स्पष्ट सांगा. दुसरं, फॉर्म भरायच्या आधी तीन कामं जमतात का ते बघा. न थांबता २०० मीटर पोहणं, १० किलोमीटर सायकल, २ किलोमीटर हळू धावणं. जमत असतील तर बारा आठवडे पुरतात. पोहताच येत नसेल तर यंदाची शर्यत सोडा, आधी टँक गाठा. मात्र मे महिन्यात गाठू नका. नागपुरात तेव्हा ४५ डिग्री असतात आणि सुट्टीतली सगळी पोट्टी पाण्यात. हात मारायला जागा मिळत नाही.

पाणी

मी पोहायला शिकले एकोणचाळिसाव्या वर्षी. दुकानात येणाऱ्या एका आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "काऊन वं बाई, या वयात कायले जीव देतं?" पहिला महिना मलाही तेच वाटत होतं. माझी चूक सगळ्या नवशिक्यांची असते तीच होती. मी श्वास घेत होते, पण सोडत नव्हते. पाण्यात तोंड असताना नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडले की वर आल्यावर फक्त आत घ्यायचं उरतं. पाण्यात श्वास रोखून ठेवला तर वर आल्यावर सोडायचाही असतो आणि घ्यायचाही, तेवढा वेळ मिळत नाही आणि जीव घाबरा होतो. दम संपला असं ज्याला आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं.

आमचा टँक २५ मीटरचा. म्हणजे शर्यतीचे तीस फेरे. सुरुवात पन्नास-पन्नास मीटरच्या आठ तुकड्यांनी करा, मध्ये तीस सेकंद विश्रांती. सहाव्या आठवड्यापर्यंत दीडशेचे चार तुकडे, दहाव्यापर्यंत सलग ७५०. वेग वाढवायच्या नादी लागू नका. मी १०० मीटरला सव्वातीन मिनिटांच्या आसपास पोहते. कासव म्हणा हवं तर, पण बाहेर निघते तेव्हा पाय ताजे असतात.

पहिली शर्यत टँकमध्ये होती, दुसरी शहराबाहेरच्या तलावात. दोन्हींत फार फरक आहे. तलावात खाली काळी रेघ नसते, पाणी गढूळ असतं, भिंत नसते. टँकमध्येच याची तयारी होते. गर्दी नसताना डोळे मिटून दहा हात मारा आणि बघा कुठे पोहोचता. मी दर वेळी डावीकडे दोरीला जाऊन भिडायचे. कारण उजवीकडे श्वास घेताना डावा हात पाण्यात आडवा जायचा. मग दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून समोरचा बोया, म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण, बघायचा. पूर्ण डोकं वर काढलं की कंबर बुडते आणि पाय ओढल्यासारखे होतात.

आणि हे मनापासून सांगते: सराव म्हणून अंबाझरी किंवा फुटाळा तलावात एकटे उतरू नका. जलपर्णीत पाय अडकतो, तळाचा गाळ दिसत नाही, आणि बंधाऱ्यावर फिरणाऱ्या शंभर माणसांपैकी पोहता येणारे किती असतील सांगता येत नाही. परवानगी, होडी आणि जीवरक्षक असलेल्या गटासोबतच जा. कमरेला भडक रंगाचा फ्लोट बांधा.

सुरुवातीला मागे आणि कडेला उभे राहा. शिट्टी झाली की वीस सेकंद गप्प थांबा, पुढची झुंड जाऊ द्या. तरी कुणाचा तरी पाय तोंडाला लागेलच. भीती वाटली तर पाठीवर वळा, दहा श्वास मोजा, मग बेडूक-हात मारत निघा. कुठल्याही पद्धतीने पोहायला परवानगी असते. दमल्यावर बोया किंवा उभी असलेली नाव धरून थांबलं तरी सहसा चालतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. अगदीच नको झालं तर हात वर करून हलवा, नाव येते.

पहिला जोड

काठ जवळ आला की शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय जोरात मारा. वीस मिनिटं आडवं राहून एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय आधी जागे केले की ती कमी होते. बाहेर येता येता गॉगल कपाळावर, चालताना टोपी हातात. उभं राहून काहीही काढायचं नाही.

सायकली जिथे लावतात त्या जागेला सगळे ट्रान्झिशन म्हणतात. तिथे शे-दीडशे सायकली असतात आणि पाण्यातून आलेल्या डोळ्यांना सगळ्या सारख्या दिसतात. शर्यतीच्या सकाळी पाण्याच्या बाजूच्या दारातून आत या आणि ओळी मोजत आपल्या सायकलपर्यंत जा. असं तीनदा करा. झाड किंवा खांबाची खूण धरा, शेजारच्या सायकलची नको, ती तुमच्या आधी गेलेली असू शकते. मी जमिनीवर उरलेल्या ब्लाउजपीसचा झगझगीत राणी रंगाचा तुकडा अंथरते. माझी चप्पल चुकेल, पण तो रंग चुकणार नाही.

तुकड्यावर सामान वापरायच्या क्रमाने उलटं रचायचं. सगळ्यांत वर हेल्मेट, पट्टे बाहेर सोडून उताणं. ते सायकलच्या हँडलवर ठेवलं तरी चालतं. हेल्मेट घालून बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम कडक आहे आणि यावर दंड बसतो. ओल्या, गारठलेल्या बोटांनी बक्कल लावणं वाटतं तितकं सोपं नाही. मी स्वयंपाकघरात बर्फाच्या पाण्यात हात बुडवून तो सराव केला. सासूबाई दारातून बघून न बोलता परत गेल्या.

मग बूट. सायकलिंगचे खटक्याचे, पॅडलला अडकणारे बूट पहिल्या शर्यतीला नकोतच. जे बूट घालून धावणार तेच घालून सायकल चालवा, दुसऱ्या जोडाला एक काम कमी. लेस काढून टाका आणि त्या जागी ३ मिलिमीटरचं गोल इलॅस्टिक ओवा. कुठल्याही शिलाई साहित्याच्या दुकानात मीटरवर मिळतं. टोकाला जर्किनच्या दोरीला असतो तसा दाबायचा स्टॉपर लावा. बूट चपलेसारखा पायात सरकतो. तयार इलॅस्टिक लेस मिळतात, त्यांत वेगळं काही नसतं. बुटात चिमूटभर टाल्कम पावडर टाका. मोजे घालायचे असतील तर आधीच अर्धे उलटून ठेवा, म्हणजे बोटांवर चढवून मागे उलगडले की झालं.

नंबरासाठी पट्टाही घरीच होतो. कमरेचं एक इंची इलॅस्टिक, मापापेक्षा चार बोटं आखूड, पुढे प्लास्टिकचं बक्कल आणि नंबर अडकवायला दोन सेफ्टी पिना. सायकलवर नंबर पाठीमागे असावा लागतो, धावताना पुढे. पट्टा नुसता फिरवायचा.

आता त्या टी-शर्टाचं. पोहणं, सायकल, धावणं तिन्ही एकाच कपड्यात करा, अंगावर नवीन काही चढवूच नका. ट्रायसूट म्हणून मिळतो तो हाच. महाग वाटला म्हणून मी स्वतः शिवला, आणि तीनदा उसवला. शिवायचाच असेल तर चारही बाजूंना ताणणारी लायक्रा घ्या, बॉलपॉइंट सुई वापरा, कारण साधी सुई धागे तोडते आणि ताण आला की तिथे भोकांची रांग दिसते. साध्या सरळ टाक्याने शिवू नका, पहिल्याच हात मारण्यात तो तुटतो. ओव्हरलॉक चालेल. काखेत आणि मांडीच्या आत जोड येऊ देऊ नका, तिथे तिरपी कळी घाला. चेन पुढच्या बाजूला. बसायचा पॅड पातळ हवा. मी आधी फोमचा लावला होता, तो टँकमधून अर्धा लिटर पाणी घेऊन बाहेर आला. शिवत बसायचं नसेल तर स्विमिंग कॉस्च्यूमवर गुडघ्यापर्यंतची घट्ट टाइट्स आधीच घालून पोहा, टँकवर चालते का ते विचारून. पुरुषांना जॅमर, म्हणजे पोहायची घट्ट लांब चड्डी, पुरते, पण उघड्या अंगाने सायकल चालवू देत नाहीत, म्हणून पुढून चेन असलेली अंगाबरोबरची जर्सी बघा. मान, काख, मांडी इथे व्हॅसलीन चोपडा. पाळीची तारीख त्या दिवशी येणार असेल तर कप वापरायचा सराव दोन महिने आधी टँकवर करा, त्या दिवशी पहिला प्रयोग नको.

हेल्मेट, बूट, पट्टा, सायकल धरून पळत दहा पावलं. हे अंगणात रोज पाचदा, पंधरा दिवस केलं. अंगावर बादलीभर पाणी ओतून. माझा हा जोड सहा मिनिटांवरून तीनवर आला. सायकल पळवताना हँडलला लोंबकळू नका, एक हात सीटवर ठेवा, ती सरळ चालते. सायकलवर बसायची रेघ आखलेली असते, तिच्या पुढे गेल्यावरच टांग टाकायची. आणि सायकल लावतानाच हलक्या गिअरवर ठेवा, नाहीतर पहिल्याच पॅडलला गुडघा कुरकुरतो.

वीस किलोमीटर

माझी सायकल लेकाची आहे. तो पुण्याला शिकायला गेला, ती जिन्याखाली राहिली. तीन गुणिले सात गिअरची साधी हायब्रिड. पहिल्या शर्यतीला महागडी रोडबाइक घेऊ नका. ब्रेक, चेन, हवा एवढं नीट असलं की वीस किलोमीटर होतात. आपल्याच नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४,९०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत सायकलने पार केली. त्यांच्यापुढे आपले वीस म्हणजे दूध आणायला जाणं.

पायमशीन चालवायची सवय मला इथे कामाला आली. मशीनवर जोर लावून हळू पाय मारला की धागा तुटतो, हलका आणि एकसारखा मारला की टाका सरळ येतो. सायकलवर तेच. गिअर हलका, मिनिटाला पायांचे ऐंशीच्या वर फेरे.

सरावाला मी सव्वापाचला निघते. रविनगर, फुटाळा, मग सेमिनरी हिल्सचा चढ दोनदा. वर्धा रोड आणि आउटर रिंग रोडवर एकटे जाऊ नका, ट्रकवाल्याला अंधारात आपण दिसत नाही. मागे लाल दिवा हवाच. कुत्री मागे लागली की वेग वाढवायचा मोह होतो. तसं करू नका, थांबा, उतरा, सायकल मध्ये धरून चालत निघा. आणि आपले सिमेंट रोड! गुळगुळीत दिसतात, पण दोन स्लॅबमधला लांब जोड असतो त्यात बारीक टायर बरोबर बसतो. पेव्हर ब्लॉक जिथे सिमेंटला भेटतात तिथेही दोन बोटांची पायरी असते. असा जोड ओलांडायचा तर तिरपं सरकू नका, हँडल वळवून जमेल तितकं काटकोनात ओलांडा. माझ्या कोपरावरचा डाग त्याच धड्याचा आहे.

पुढच्याच्या चाकाला चिकटून त्याच्या आडोशाने जायला हौशी शर्यतींत सहसा मनाई असते. दहा मीटरचं अंतर ठेवायचं, ओलांडायचं तर वीस सेकंदांत ओलांडायचं. आपल्या शर्यतीचा नियम आदल्या दिवशीच्या माहितीसत्रात ऐका. ते सत्र चुकवू नका, फेऱ्या किती आणि कुठे वळायचं हे तिथेच कळतं. फेऱ्या स्वतः मोजाव्या लागतात. मी हँडलवर फेऱ्यांइतके चिकटपट्टीचे तुकडे लावते आणि प्रत्येक फेरीला एक काढते.

दुसरा जोड

शेवटचा किलोमीटर आला की गिअर आणखी हलका करा, पाणी प्या, पाय जरा भराभर फिरू द्या. उतरायची रेघ येण्याआधी थांबायचं, सायकल जागेवर लावायची, मगच हेल्मेट सोडायचं. नंबर पुढे फिरवा आणि निघा. एवढंच. मला पहिल्या वर्षी यालाही चार मिनिटं लागली, कारण मी खाली बसले. बसायचं नाही!

निघाल्यावर पाय आपले राहत नाहीत. मांड्या लाकडाच्या, पोटऱ्या कुणाच्या तरी दुसऱ्याच्या. सायकलवर गोल फिरलेले पाय आता सरळ पडायला तयार नसतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं, साधारण किलोमीटरभरात उतरतं. पावलं लहान ठेवा, घड्याळ बघू नका. हे अंगवळणी पडावं म्हणून दर रविवारी दहा किलोमीटर सायकल आणि लगेच दोन किलोमीटर धावणं, मध्ये चहा नाही, गप्पा नाहीत. बारा आठवड्यांत असे आठ रविवार झाले तरी पुष्कळ. बाकी आठवड्यात तीन दिवस पोहणं, एक दिवस सायकल, एक दिवस धावणं, सोमवारी सुट्टी.

धावण्याचा सराव शक्यतो मातीवर करा. सिमेंटवर रोज धावून गुडघे धरतात. बाकी धावण्याबद्दल मला वेगळं काही सांगायचं नाही. चालावंसं वाटलं तर पाण्याच्या टेबलाजवळ चाला.

शर्यती इथे थंडीतच बऱ्या, म्हणजे सराव ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. नेमका तेव्हाच माझा नवरात्र-दिवाळीचा सीझन. रात्री अकरापर्यंत मशीन चालते. त्या तीन आठवड्यांत मी आठवड्याला फक्त दोनदा पोहायचे आणि रविवारचा जोड करायचे. त्याने काही बुडालं नाही. तुमचा मार्च एंडिंग असेल, पोरांच्या परीक्षा असतील, तेव्हा याच दोन गोष्टी ठेवा.

खाण्याचं थोडक्यात. आदल्या रात्री वरण-भात. सावजी कितीही आवडो, त्या रात्री नाही. सकाळी दोन तास आधी केळं, ब्रेडचे दोन तुकडे आणि नेहमीचा चहा, कारण चहा नसला की माझं पोट साफ होत नाही. सायकलच्या बाटलीत लिंबू-साखर-मीठ. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू. एक बाटली पुरते. तर्री-पोहे शर्यतीनंतर.

जानेवारीच्या सकाळी पाण्यातून निघून ओल्या कपड्यात सायकलवर बसलं की दात वाजतात. दहा मिनिटांनी थांबतात. संपल्यावर मात्र लगेच कोरडे कपडे घाला, पिशवीत स्वेटर आणि चप्पल ठेवा. आणि घोट्याला बांधलेली वेळ मोजायची चिप परत देऊन मगच निघा. मी पहिल्या वर्षी ती तशीच बांधून दुकान उघडलं. त्याच आजी ब्लाउज न्यायला आल्या होत्या. खाली वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पैंजण एकाच पायात काऊन वं?"